दुखऱ्या पाठीनं गळ टाकून कसं बसावं

उजनी धरणाच्या काठावर सकाळचे दहा वाजले होते. चिलापी चांगली लागत होती. सहावा की सातवा मासा काढायला वाकलो आणि तिथेच उसण भरली. मासा गळाला, काठी हातात, आणि मी अर्धवट उठलेला. खाली बसता येईना की सरळ होता येईना. सोबत्यानं आधी मासा सोडवून घेतला, मग मला. गळ टाकणाऱ्यांचा प्राधान्यक्रम हा असा.

पुढे तपासणीत कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी जराशी सरकल्याचं निघालं. "आता हा नाद सोडा" म्हणणारे चार जण भेटले. फिजिओथेरपीच्या बाईंनी मात्र कोपऱ्यातला झाडू हातात दिला. "काका, काठी धरून कसे बसता ते दाखवा." मी खुर्चीवर बसलो, झाडू पुढे धरला, आणि पाठ आपोआप खुर्चीपासून वीतभर पुढे आली. टेकायला पाठ असलेली खुर्ची मी वर्षानुवर्षं काठावर वाहून नेत होतो आणि तिला एकदाही टेकलो नव्हतो.

म्हणून ज्यांची कंबर धरते त्यांना माझं सांगणं असं, की नवी खुर्ची घ्यायला धावू नका. सुरुवात काठीपासून करा.

१. काठीचं ओझं पाठीवरून उतरवा

रीळ नसलेली, टोकाला तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, बांधलेली सरळ काठी मी वापरतो. पूर्वी बांबूची होती, आता घडीची फायबरची. माझी जुनी काठी ५ मीटरची, वजन साधारण ३५० ग्रॅम. एवढ्याशा वजनानं काय होतंय, असं वाटतं. पण ते वजन हातात नसतं, हातापुढे दोनेक मीटरवर असतं. कमरेपासून मोजलं तर अडीच मीटरवर. हात अर्धा मीटर पुढे करून पावणेदोन लिटरची पाण्याची बाटली धरली, तर जेवढा ताण येईल तेवढा हा ताण. आणि तो पेलणारे पाठीचे स्नायू मणक्याच्या मध्यापासून जेमतेम पाच-सहा सेंटिमीटरवर असतात. तरफेचा हिशेब मांडा: त्यांना पंधरा-सोळा किलोच्या जोरानं ओढून धरावं लागतं. तेही मासा नसताना, नुसतं तरंग्याकडे, म्हणजे मासा लागला की बुडणाऱ्या तरंगत्या खुणेकडे बघत. आपण पुढे झुकलो की धडाचं वजन त्यात आणखी पडतं.

उपाय तीन आहेत. पहिला, काठी आखूड करा. काठाजवळच्या चिलापीला ३.६ मीटरची, म्हणजे बारा फुटी काठी भरपूर झाली. लांब काठीनं मोठा मासा मिळतो ही समजूत बहुतेक दुकानदारांनी जपलेली आहे.

दुसरा, काठी अगदी मागच्या टोकाला धरू नका. बुडखा, म्हणजे काठीचं मागचं जाड टोक, उजव्या मांडीवर आडवा ठेवा, थोडा मागे निघू द्या आणि त्यावर कोपरापासून मनगटापर्यंतचा हात नुसता टेकवा. काठी मांडीवर तोलली जाते आणि हात फक्त वरून दाब देतो. इंग्लंडमध्ये दहा-बारा मीटरच्या काठ्या घेऊन तासन्‌तास बसणारे लोक हेच करतात. तेवढी काठी नुसत्या हातानं कोणी धरूच शकत नाही. बुडख्याला जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळली की मागे थोडं वजन येतं, तोल सुधारतो आणि काठी मांडीवरून घसरतही नाही.

तिसरा उपाय मला सर्वांत लाभला, तो म्हणजे बेचकं. बाभळीची किंवा निरगुडीची दुबेळकी फांदी, गुडघ्यापेक्षा जराशी उंच राहील अशी, बसण्याच्या जागेपासून पुढे मीटरभर अंतरावर ठोका. काठी बेचक्यात, बुडखा मांडीखाली दाबलेला. आता हात मोकळा झाला आणि पहिल्यांदाच खुर्चीला टेकून बसता येतं. तरंगा बुडाला की हात टाकायचा, काठी तिथेच आहे.

२. जमीन सपाट करून घ्या

उजनीचा काठ म्हणजे काळी माती आणि उतार. उन्हाळ्याकडे पाणी मागे सरकतं तशी बसायची जागाही दर खेपेला नवी. उतारावर खुर्ची ठेवली की पुढचे पाय खाली जातात, आपण हळूहळू पुढे घसरतो आणि स्वतःला थोपवायला दिवसभर मांड्या आणि कंबर आवळून बसतो. संध्याकाळी म्हणतो, "आज कशी काय पाठ दुखली, वजन तर काही उचललं नाही."

खुरपं बरोबर ठेवा. मागच्या पायांखालची माती खणून पुढे ओढा, पाच मिनिटांचं काम आहे. मात्र ते खाली बसून, एक गुडघा जमिनीला टेकवून करा. वाकून खणायला गेलात तर गळ टाकण्याआधीच दिवस संपेल. ओल्या काळ्या मातीत खुर्चीचे पाय रुततात, आणि चारही सारखे रुतत नाहीत. दोन आडव्या फळ्या, एक पुढच्या पायांखाली आणि एक मागच्या, एवढ्यानं भागतं. फळ्या नसतील तर गोणपाटाची चौपदरी घडी.

जागा निवडताना ऊनही बघा. सूर्य समोर आला की पाण्यावर चकाकतं, तरंगा दिसत नाही आणि माणूस मान पुढे काढून पोक काढतो. सकाळी सूर्य पाठीमागे राहील असा काठ धरा. तरंगा भडक नारिंगी घ्या. आणि चाळिशीनंतरचा दुहेरी काचेचा चष्मा असेल तर काठावर लांबचा साधा चष्मा लावा. मी दोन वर्षं हनुवटी वर-खाली करत बसलो होतो, मानेचं दुखणं फुकटात मिळालं.

३. आता बसण्याचं बघू

बसायच्या उंचीला एकच कसोटी आहे: गुडघे कमरेच्या सांध्यापेक्षा किंचित खाली हवेत. बूट घालून उभं राहा, गुडघ्याच्या मागच्या खळगीपासून जमिनीपर्यंत मोजा, त्यात दोन बोटं मिळवा. तेवढी उंची तुमची.

बाजारात मिळणारी घडीची छोटी स्टुलं बहुतेक यात नापास होतात. फूटभर उंचीच्या स्टुलावर बसलं की गुडघे छातीकडे येतात, माकडहाडाचा भाग मागे लोळतो आणि कमरेचा नैसर्गिक बाक जातो. स्वीडनचे अस्थितज्ज्ञ आल्फ नाखेमसन यांनी १९६० च्या दशकात माणसाच्या मणक्यातल्या गादीत सुई घालून दाब मोजला होता. उभं राहण्यापेक्षा पुढे झुकून बसल्यावर दाब कितीतरी जास्त भरला. टेकून बसल्यावर तो उतरतो. काठावर आपण नेमके पुढे झुकून बसतो. उकिडवं बसणं तर दुखऱ्या पाठीनं विसरूनच जावं, कितीही लहानपणापासूनची सवय असली तरी.

साधी प्लॅस्टिकची खुर्ची उंचीला बहुतेकांना बरोबर पडते. हात नसलेली घ्या, नाहीतर काठी फिरवताना कोपर आपटतं. रंगाची वीस लिटरची झाकणवाली बादलीही चालते, सामान आत राहतं. पण तिला पाठ नाही, म्हणून ती तास-दीड तासापुरतीच.

खुर्चीवर दोन घड्या लागतात. एक गोणपाटाची, बैठकीच्या मागच्या अर्ध्या भागावर, म्हणजे बसणं किंचित पुढे उतरतं होतं आणि कंबर आपोआप ताठ राहते. दुसरी टॉवेलची गुंडाळी, मनगटाएवढी जाड, पट्टा बांधतो त्या उंचीवर पाठीमागे. जास्त जाड केली तर ती ढकलायला लागते. दोन्ही पाय पूर्ण टेकलेले हवेत. टाचा उचललेल्या राहत असतील तर पायाखाली सपाट दगड घ्या.

४. काय कुठे ठेवायचं

पाठ एकाच वेळी वाकून आणि वळून सर्वांत लवकर जाते. आणि गांडुळांचा डबा आपण कुठे ठेवतो? मागे, सावलीत, जमिनीवर.

डबा, कणकेचा गोळा, सुटे गळ, पक्कड हे सगळं काठी नसलेल्या बाजूला मांडीच्या उंचीवर आणा. मी उलट्या ठेवलेल्या छोट्या बादलीवर पत्र्याचं ताट मांडतो. माशांची बादलीही त्याच बाजूला, पायाजवळ नको.

तंगुसाची लांबी इथे फार महत्त्वाची आहे. काठीएवढी किंवा अर्धा फूट कमी ठेवा. मग काठी उभी केली की मासा झुलत थेट हातात येतो. तंगूस लांब राहिला तर मासा काठावर पडतो आणि आपण त्याच्यामागे वाकतो. मला उसण भरली ती अशीच. दोन हात जास्तीचा तंगूस मी "असू दे" म्हणून ठेवला होता. मोठा मासा असेल तर लांब दांड्याची हातजाळी वापरा, आणि बसून झुंजू नका. उभे राहा, काठी पोटाशी आणा, वळायचं तर पावलं टाकून वळा. कमरेतून पिळायचं नाही. रोहू सुटला तर सुटला.

५. उठायचं कधी आणि कसं

कितीही छान बसलात तरी वीस-पंचवीस मिनिटांनी उठा. मोबाइलचा गजर लावून पाहिला, पण तो नेमका तरंगा हलताना वाजतो आणि आपण बंद करतो. त्यापेक्षा आमिष बदलताना दर वेळी उभं राहून बदलायचं, ही सवय टिकली.

उठताना आधी बैठकीच्या कडेला सरका, एक पाय मागे घ्या, हात मांड्यांवर ठेवा आणि छाती पुढे ठेवून पायांच्या जोरावर उठा. उभे राहिल्यावर पन्नास पावलं चाला. कमरेवर हात ठेवून पाच-सहा वेळा हलकेच मागे झुकल्यानं मला बरं वाटतं. पण हे सर्वांना लागू नाही. मणक्यातली नळी अरुंद झालेल्यांना मागे झुकलं की पाय भरून येतात आणि पुढे वाकल्यावर आराम पडतो. तुमचं कुठलं, ते आपल्या फिजिओथेरपिस्टला विचारून घ्या.

६. घर ते काठ

हा भाग लोक मोजतच नाहीत. रात्रभर आडवं पडल्यावर मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, त्यामुळे उठल्यावरच्या पहिल्या तासाभरात वाकणं सर्वांत महाग पडतं. आपण नेमके पहाटे चारला उठून वाकून सामान बांधतो. सामान आदल्या रात्री बांधा आणि दाराशी टेबलावर ठेवा.

पुण्याहून उजनीच्या काठच्या भिगवणकडे जायचं तर शंभरेक किलोमीटरचा प्रवास. गाडीतून उतरून लगेच खुर्चीत बसलात तर पाठीच्या दृष्टीनं ती एकच लांबलचक बैठक. आधी दहा मिनिटं काठानं चाला. फ्लेमिंगो दिसले तर दिसले. आणि चालता चालता, तिथल्या मासेमारीचा ठेका कोणाकडे आहे, काठीनं मासे धरलेले चालतात का, ते गावात विचारून घ्या.

कमरेचा पट्टा प्रवासात बांधायला हरकत नाही. दिवसभर त्याच्या भरवशावर वाकडं बसायचं, हे मात्र मी करून पाहिलं आहे आणि महागात पडलं आहे.

काही त्रास मात्र बसण्याच्या युक्त्यांनी जाणारे नाहीत. पायातली ताकद कमी वाटली, पाऊल लुळं पडायला लागलं, जांघांच्या आतल्या बाजूला किंवा बैठकीच्या जागी बधिरपणा आला, लघवी किंवा शौचावरचा ताबा गेला, तर काठी तिथेच टाकून सरळ इस्पितळ गाठा, त्याच दिवशी. तापासोबतची पाठदुखी किंवा पडल्यानंतरची पाठदुखीही अंगावर काढू नका.

परतताना माशांच्या बादलीतलं पाणी काठावरच ओता. दहा लिटर पाणी म्हणजे दहा किलो, आणि ते घरी कोणालाच नको असतं. मासे ओल्या गोणपाटात गुंडाळा, खुर्ची एका फेरीत, बाकीचं दुसऱ्या फेरीत. बेचकं उपटत बसू नका, ते तसंच राहू द्या; पुढच्या खेपेला पाणी आणखी मागे गेलेलं असेल, पण त्याआधी कोणीतरी दुसरा कंबर धरत तिथे येईल.