वैद्यकीय इच्छापत्रात नाव कोणाचे घालावे? या चुका टाळा

सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य करून वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजेच बरे होण्याची आशा उरली नाही तर कोणते उपचार नकोत हे शुद्धीत असतानाच लिहून ठेवणाऱ्या लिव्हिंग विलला, कायदेशीर आधार दिला. २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची प्रक्रियाही सोपी केली. पूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागत असे. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून ती नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घेतली की पुरते. या कागदात एक रकाना असा आहे, की तो चुकला तर बाकीचा मजकूर कितीही नेटका असला तरी ऐन वेळी उपयोगी पडत नाही. आपली शुद्ध हरपल्यावर आपल्या वतीने बोलणाऱ्या माणसाच्या नावाचा तो रकाना.

पहिली चूक म्हणजे हे नाव मानपान म्हणून घालणे. थोरल्या मुलाचे नाव घातले नाही तर त्याला वाईट वाटेल, एवढ्या कारणासाठी त्याची निवड होते. वास्तविक हे काम वारशाचे नाही. आयसीयूच्या दारात आत्या, मामा, भावंडे जमलेली असताना, कोणीतरी ‘पैशांकडे पाहू नका, सगळे उपाय करा’ असे म्हणत असताना, ‘आईला हे नको होते आणि तिने तसे लिहून ठेवले आहे’ असे शांतपणे सांगू शकेल असा माणूस येथे हवा. कधीकधी तो मुलगा नसतो. धाकटी सून, भाची किंवा बहीण असते. ज्याचे आपल्यावर सर्वाधिक प्रेम आहे त्यालाच व्हेंटिलेटर काढण्याच्या चर्चेला बसणे सर्वांत जड जाते, हे लक्षात घेऊनच निवड करावी. जवळचा नातेवाईक मिळत नसेल तर पालक म्हणून अन्य व्यक्तीचे नावही घालता येते.

दुसरी चूक एकच नाव घालण्याची. २०२३च्या बदलानुसार एकापेक्षा अधिक व्यक्तींची नावे देता येतात, आणि ती द्यावीत. मुलगा अमेरिकेत आणि मुलगी पुण्यात असेल, तर पहाटे तीन वाजता डॉक्टर कोणाला बोलावणार हे उघड आहे. मात्र दोन नावे लिहून थांबल्यास दुसराच घोळ होतो: दोघांचे मत वेगळे पडले तर कोणाचे धरायचे? म्हणून क्रम लिहावा. आधी अमुक, ती व्यक्ती उपलब्ध नसल्यास तमुक.

यापेक्षा मोठी, आणि माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक, म्हणजे त्या माणसाशी न बोलणे. इच्छापत्राची प्रत नाव घातलेल्या व्यक्तीला आणि कुटुंबाचे डॉक्टर असल्यास त्यांनाही द्यायची असते. पण नुसती झेरॉक्स हातात ठेवणे म्हणजे बोलणे नव्हे. ‘मला यंत्रांवर ठेवू नका’ हे वाक्य ऐकायला स्पष्ट वाटते, तरी न्यूमोनियासाठी चार दिवस लावलेला व्हेंटिलेटर आणि बरे होण्याची आशा संपल्यावर महिनोन्महिने चालू ठेवलेला व्हेंटिलेटर यांतला फरक त्यात येत नाही. नाकातून घातलेली अन्ननळी, डायलिसिस, हृदय थांबल्यावर छाती दाबून ते पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न, यांपैकी काय चालेल, किती काळ चालेल आणि काय नको, हे एकेक करून समोरासमोर सांगावे. शक्यतो इतर भावंडांच्या देखत सांगावे, म्हणजे पुढे ‘बाबा असे म्हणालेच नव्हते’ या वादाला जागा राहत नाही.

कुलमुखत्यारपत्राबाबतचा गैरसमजही दूर करायला हवा. ‘मुलाच्या नावाने मुखत्यारपत्र आहे, तेवढे पुरे’ असे अनेक ज्येष्ठ मानतात. भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ नुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याची मानसिक क्षमता संपली की मुखत्याराचा अधिकारही संपतो. म्हणजे ज्या क्षणी गरज पडते त्याच क्षणी तो कागद निरुपयोगी होतो. बँकेतल्या नामनिर्देशनाचा तर उपचारांशी काहीच संबंध नाही. मानसिक आजारासाठी २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात नामनिर्देशित प्रतिनिधीची वेगळी तरतूद आहे. तो प्रतिनिधी आणि इच्छापत्रातली व्यक्ती एक मानू नये.

इच्छापत्रातल्या व्यक्तीच्या अधिकाराला मर्यादाही आहे. रुग्णाला दुर्धर आजार आहे, बरे होण्याची आशा नाही आणि निर्णयक्षमता उरलेली नाही, अशा अवस्थेतच, तेही इच्छापत्राशी सुसंगत राहून, उपचार नाकारण्यास किंवा थांबवण्यास ती संमती देते. साध्या शस्त्रक्रियेची संमती किंवा घरादाराचे व्यवहार त्यात येत नाहीत.

सर्व नीट करूनही रुग्णालयात अडचण आली तर? ‘आमच्याकडे अशी पद्धत नाही’ असे उत्तर मिळाल्यास प्राथमिक वैद्यकीय मंडळ नेमण्याची लेखी मागणी करावी. त्यात उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ असतात. पुढे दुय्यम मंडळ तपासणी करते आणि दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यावे अशी अपेक्षा आहे. दुय्यम मंडळाने नकार दिला, तर नाव घातलेली व्यक्ती उच्च न्यायालयात रिट याचिका करू शकते.

कागद लॉकरमध्ये ठेवल्याने तो वेळेवर सापडत नाही, हे वेगळे सांगायला नको. एक प्रत महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीच्या सक्षम अधिकाऱ्याकडे द्यायची असते. नाव घातलेली व्यक्ती वारली, दूर गेली किंवा तिच्याशी संबंध बिघडले, तर नवे इच्छापत्र करावे. दोन वैध इच्छापत्रे निघाल्यास शेवटी सही केलेलेच धरले जाते. जुन्याच्या प्रती मात्र डॉक्टरांकडून, मुलांकडून आणि पालिकेकडून आठवणीने परत घ्याव्यात, कारण धावपळीत हाताला लागेल तोच कागद डॉक्टरांसमोर ठेवला जातो.