पाणी बदललं की चेरी श्रिंप मरतात? नळीला गाठ मारा

टाकीतले मासे मजेत, पण चेरी श्रिंप (शोभेच्या टाकीत पाळतात त्या छोट्या लाल कोळंब्या) मात्र रोज एकदोन मरतात आणि कारण सापडत नाही? मेलेला श्रिंप काढून मानेमागे बघा. तिथे पांढरं कडं दिसलं तर बहुधा कात टाकताना अडकून तो गेलाय. अशा वेळी आधी आठवा, एकदोन दिवसांपूर्वी बादलीभर पाणी एकदम बदललं होतं का? पाणी अचानक बदललं की श्रिंप अवेळी कात टाकायला जातात आणि अडकतात. म्हणून पाणी असं बदला:

१. आठवड्याला १० टक्केच पाणी बदला.
२. नवं पाणी क्लोरीन काढलेलं, टाकीइतक्याच तापमानाचं हवं.
३. बादली टाकीपेक्षा उंचावर ठेवून एअर पंपाची नळी सोडा. नळीला गाठ मारून ती इतकी आवळा की सेकंदाला २-३ थेंबच पडतील. २ लिटरला चारेक तास लागतात, लागू द्या.
४. नुसतं उडून गेलेलं पाणी भरायला आरओचं घ्या. नळाचं घालत राहिलात तर क्षार साचत जातात.

टाकी नवी असेल तर अमोनिया आणि नायट्राइट (टाकीतल्या घाणीतून तयार होणारी विषारी द्रव्यं) शून्य आहे ना, हे सगळ्यात आधी तपासा.

तांब्याच्या कळशीतलं पाणी टाकीत कधीही ओतू नका. माशांच्या औषधातही कॉपर सल्फेट असू शकतं, बाटलीवरचं नीट वाचा. तांबं श्रिंपला विषच.