परदेशातून पार्सल मागवण्याआधी

पैसे भरण्याआधी एक कागद घ्या आणि वस्तूची किंमत, पाठवणीचा खर्च, विमा असे तीन आकडे वेगवेगळे लिहा. वेबसाइट त्यांची एकच बेरीज दाखवते, पण कस्टमचा हिशेब कुठल्या आकड्यावरून सुरू होतो हे देशागणिक बदलतं. युरोपीय संघात आणि इतर बऱ्याच देशांत आयात शुल्क या तिन्हींच्या बेरजेवर लागतं. अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया आंतरराष्ट्रीय वाहतुकीचा खर्च त्यातून वगळतात. म्हणून वस्तू स्वस्त आणि टपाल महाग असेल, तर आपल्या देशाची पद्धत आधी बघावी.

मग गणित मांडा. समजा वस्तू १०० ची, पाठवणी आणि विमा मिळून २०. शुल्क बेरजेवर, म्हणजे १२० वर, १० टक्के असेल तर १२ झाले. आता विक्रीकर किंवा व्हॅट २० टक्के असला, तर तो सहसा १०० वर लागत नाही, १२० वरही नाही; शुल्क मिळवून होणाऱ्या १३२ वर लागतो, म्हणजे २६.४०. एकूण १५८.४०. करावर कर बसतो हे बहुतेकांच्या लक्षात येतं ते पार्सल दारात आल्यावर.

शुल्काचा दर कळायला वस्तूचा एचएस कोड, म्हणजे मालाच्या वर्गीकरणाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, लागतो. त्याचे पहिले ६ अंक जवळजवळ सगळ्या जगात सारखे, पुढचे प्रत्येक देश आपापले जोडतो. विक्रेत्याला कोड विचारा, मिळाला की आपल्या कस्टमच्या दरपत्रकात शोधा. सोबत माल बनला कुठे हेही विचारा. पार्सल ज्या देशातून निघालं तो देश आणि माल जिथे बनला तो देश एकच असेल असं नाही, आणि दर ठरतो तो बनला त्या देशावरून.

‘लहान पार्सलला काही लागत नाही’ या ऐकीव माहितीवर अजिबात विसंबू नका. युरोपीय संघाने २२ युरोपर्यंतची व्हॅटमाफी १ जुलै २०२१ पासून बंद केली. अमेरिकेतली ८०० डॉलरपर्यंतच्या खरेदीची शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ ला थांबली. शिवाय शुल्काची माफी वेगळी, कराची वेगळी. एक मिळाली म्हणून दुसरी मिळतेच असं नाही.

हे सगळं कोण भरणार, हा प्रश्न माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. ऑर्डरवर डीडीपी (शुल्क भरून घरपोच) लिहिलं असेल तर विक्रेता भरतो, म्हणजे त्याने ते किमतीत धरलेलं असतं. डीएपी (घरपोच, पण शुल्क न भरता) असेल तर तुम्ही. (काही कुरिअरवाले यालाच अजून डीडीयू म्हणतात; आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या अटींच्या २०१० च्या नियमावलीतून तो शब्द गेला, तोंडातून गेला नाही.) तुम्ही भरणार असाल तर कुरिअर कंपनी तुमच्या वतीने आधी पैसे भरते आणि त्याबद्दल वेगळं सेवाशुल्क लावते. स्वस्त वस्तूच्या बाबतीत हे सेवाशुल्कच कधीकधी कराहून जास्त निघतं. कंपनीच्या वेबसाइटवर ते आधीच पाहून घ्या.

विक्रेता आपणहून म्हणाला की ‘पार्सलवर गिफ्ट लिहितो, किंमत कमी दाखवतो’, तर नको म्हणा. विकत घेतलेली वस्तू भेट ठरत नाही. पकडलं गेलं तर पार्सल अडकतं, दंडही होऊ शकतो. आणि वाटेत हरवलं तर भरपाई मागताना तीच कमी किंमत तुमच्यासमोर धरली जाते.

बिल आणि पैसे भरल्याची पावती हाताशी ठेवा, कस्टम मागू शकतं. ‘शुल्क थकलंय, इथे भरा’ असा मेसेज आला तर त्यातली लिंक उघडू नका. पार्सलचा क्रमांक कुरिअरच्या वेबसाइटवर स्वतः टाकून बघा. आणि वस्तू परत करायची वेळ येईल असं वाटत असेल, तर भरलेलं शुल्क परत मिळतं का, कुणाकडे आणि किती दिवसांत अर्ज करायचा, हे ऑर्डर देण्याआधीच विचारून घ्या. विक्रेता वस्तूचे पैसे परत करतो. कस्टमने घेतलेले त्याच्या हातात नसतात.