परदेशी निघताय? विमानतळावरची रांग इंदूरच्या स्वयंपाकघरातच कमी करा

आत्याच्या पर्समधली चंची एक्स-रेच्या पडद्यावर आली आणि पट्टा थांबला. मागे गेला, पुन्हा पुढे आला, पुन्हा थांबला. आत अडकित्ता होता. तो गेलाच, शिवाय अख्खी पर्स ट्रेमध्ये उपडी झाली आणि आमची पंधरा मिनिटं गेली. मागच्यांची किती गेली ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तेव्हापासून घरातलं कोणीही परदेशी निघालं की बॅग मी भरते.

सुरुवात मात्र बॅगेपासून नाही, महिनाभर आधीपासून करायची. आपण इंदूरचे लोक बहुधा दिल्ली किंवा मुंबईहून देशाबाहेर पडतो आणि तिथली इमिग्रेशनची रांग जीव काढते. तिच्यावर उपाय आहे: ‘फास्ट ट्रॅक इमिग्रेशन – ट्रस्टेड ट्रॅव्हलर प्रोग्रॅम’. २२ जून २०२४ ला दिल्लीच्या टर्मिनल ३ वर तो सुरू झाला आणि जानेवारी २०२५ मध्ये मुंबई, अहमदाबाद, हैदराबाद, बेंगळुरू वगैरे विमानतळांवरही आला. गृह मंत्रालयाच्या पोर्टलवर अर्ज भरायचा. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने उरलेली हवी. मंजुरीचा निरोप आला की ठरलेल्या विमानतळावर बोटांचे ठसे आणि फोटो द्यायचे. नंतर अधिकाऱ्यासमोर उभं न राहता ई-गेटमधून बाहेर. नोंदणी पाच वर्षं किंवा पासपोर्ट संपेपर्यंत, जे आधी असेल तोवर चालते. अमेरिकेला वारंवार जाणाऱ्यांना त्यांच्याकडची अशीच सोय, ‘ग्लोबल एंट्री’, हीही घेता येते, १२० डॉलर फी आणि मुलाखत. नातवंडांना भेटायला दोन वर्षांतून एकदा जाणाऱ्या आजी-आजोबांनी त्या फंदात पडू नये, असं माझं मत.

तिकीट झालं की त्या देशाचा फॉर्म पाहा. सिंगापूरचं अरायव्हल कार्ड पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं असतं. थायलंडनेही १ मे २०२५ पासून डिजिटल कार्ड सक्तीचं केलंय. दोन्ही फुकट आहेत. पैसे मागणारी वेबसाइट दिसली की बंद करा.

आता बॅग. आपल्याकडे ती स्वयंपाकघरातच भरली जाते, त्यामुळे घोटाळेही तिथेच होतात.

हातातल्या बॅगेत द्रव पदार्थ १०० मिलीपेक्षा मोठ्या बाटलीत नको, आणि सगळ्या बाटल्या मिळून एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत मावायला हव्यात. साजूक तूप थिजलेलं असलं तरी त्यातच मोजलं जातं. लोणचं, गुळांबा, चटण्या सगळं मोठ्या बॅगेत, दोन पिशव्यांत घट्ट बांधून. इथे एक फसगत ठरलेली: इंदूर-दिल्ली हा देशांतर्गत प्रवास, त्यात पाण्याची बाटली खुशाल जाते. इंदूरला सोडली म्हणजे दिल्लीत सोडतील, असं नाही.

अमेरिकेला जाताना पुडींकडेही बघतात. कोल्ड्रिंकच्या कॅनपेक्षा, म्हणजे ३५० मिलीपेक्षा जास्त पावडर हातातल्या बॅगेत असली की वेगळी तपासणी होते आणि समाधान झालं नाही तर ती तिथेच राहते. मेतकूट, गोडा मसाला, भाजणी सरळ मोठ्या बॅगेत टाका, प्रत्येक पाकिटावर नाव लिहून. तिखट हातातल्या बॅगेत ठेवूच नका. खोबऱ्याच्या वाट्या कुठल्याच बॅगेत नकोत. सुक्या खोबऱ्यात तेल असतं, ते पेट घेऊ शकतं. पॉवर बँकेचं उलटं: ती हातातच हवी. १०० वॅट-अवरपर्यंत विचारावं लागत नाही. नेहमीची २०,००० एमएएचची सुमारे ७४ भरते.

सगळ्यात जपायची ती खसखस. मंदसौर-नीमच आपल्या माळव्यातलेच; अफूची शेती तिथली, त्यामुळे खसखस आपल्याला तिळाइतकी साधी वाटते. संयुक्त अरब अमिरात आणि सिंगापूरमध्ये मात्र ती बंदी असलेल्या मालात मोडते. दिवाळीत शारजा-दुबईला जाणाऱ्या लेकीच्या डब्यात अनारसे घालण्याआधी दोनदा विचार करा, कारण अनारसा खसखशीवरच थापलेला असतो. इथे प्रश्न रांगेचा नाही, अटकेचा आहे. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध किंवा ट्रामाडॉलही तिथे परवानगीशिवाय नेऊ नका. बाकी औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट.

ऑस्ट्रेलियाला सराफ्यातले, म्हणजे आपल्या खाऊगल्लीतले, पेढे-बर्फी नेऊ नका. दुधाची मिठाई तिथे आत येत नाही. अमेरिकेत ताजा कढीपत्ता चालत नाही. शेवेला मात्र सहसा कोणी हात लावत नाही, देवाची कृपा.

निघायच्या दिवशी बिजासन टेकडीपलीकडच्या आपल्या विमानतळावर डिजियात्रा वापरा. चेहरा दाखवून आत जाता येतं, पण हे फक्त देशांतर्गत प्रवासासाठी. इंदूरहून थेट शारजाला जाणाऱ्यांना उपयोग नाही. सामान इंदूरलाच शेवटच्या मुक्कामापर्यंत टॅग होतं का, ते काउंटरवर विचारा आणि टॅगवरचा विमानतळाचा कोड स्वतः वाचा.

तपासणीच्या रांगेत उभे असतानाच घड्याळ, पट्टा, मोबाइल, सुटी नाणी जॅकेटच्या खिशात टाका आणि जॅकेटच ट्रेमध्ये ठेवा. लॅपटॉप वरच्या कप्प्यात हवा. चार स्वेटर उपसून काढायची वेळ येऊ नये. ट्रे पलीकडे गेल्याशिवाय आपण पुढे जायचं नाही.

अमेरिकेत पहिल्या विमानतळावर उतरलात की सामान घ्यायचं, कस्टम्समधून काढायचं आणि पुढच्या विमानासाठी परत द्यायचं. म्हणून पुढचं विमान किमान तीन तासांनी असलेलं तिकीट काढा. इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याला विचारेल तेवढंच सांगा. कुठे राहणार, किती दिवस, परतीचं तिकीट. मुलाचा पत्ता कागदावर लिहिलेला असू द्या. मोबाइल नेमका तेव्हाच बंद पडतो. खाण्याचं काही आहे का, असं विचारलं तर ‘हो’ म्हणा. ‘नाही’ म्हणून लाडू सापडणं महागात पडतं. ‘हो’ म्हटलं तर फार तर एखादी वस्तू काढून ठेवतील.

परतीच्या वाटेवर बहुतेक वेळा दिल्ली-मुंबईतच सामान घेऊन कस्टम्स पार करावं लागतं. जाहीर करण्यासारखं काही असेल तर कस्टम्सच्या ‘अतिथी’ ॲपवर आधीच भरून ठेवा आणि लाल मार्गाने जा.

दागिन्यांचं काम मात्र जातानाच करायचं. अंगावरचं मंगळसूत्र कोणी विचारत नाही, पण पाटल्या, तोडे, हार असं भारी काही नेत असाल तर निघतानाच कस्टम्सला दाखवून एक्सपोर्ट सर्टिफिकेट घ्या. सराफाची वजनाची पावती सोबत हवी आणि त्यासाठी तासभर लवकर पोहोचा. नाहीतर परतताना हे सोनं इथूनच नेलं होतं, हे तुम्हाला सिद्ध करत बसावं लागतं. आत्याचं सर्टिफिकेट पासपोर्टच्या कव्हरमध्ये, खजराण्याच्या गणपतीच्या फोटोमागे असतं. अडकित्ता आता मोठ्या बॅगेत जातो.