मोठे टायर लावल्यावर टो सेट करताना या चुका टाळा

सगळ्यात जास्त दिसणारी चूक मिलिमीटरची. जुन्या टायरचा टोचा आकडा तसाच मोठ्या टायरवर भरला जातो. पण टो हा मुळात कोन आहे: वरून पाहिलं तर पुढची दोन चाकं एकमेकांकडे किंवा एकमेकांपासून दूर किती वळलेली आहेत तो. 29 इंची टायरच्या नक्षीवर मोजलेला एकूण 3 मिमी टो-इन (चाकांमधलं पुढचं अंतर मागच्यापेक्षा तेवढं कमी) म्हणजे साधारण 0.23 अंश. तेच 3 मिमी 35 इंची टायरवर धरले तर कोन 0.19 वर येतो. मूळ कोन राखायला तिथे सुमारे 3.6 मिमी लागतात. म्हणून आधी अंश ठरवा, मग त्या व्यासाचे मिलिमीटर काढा. रिमला पाइप बांधून मोजत असाल तर व्यासाच्या जागी एकाच पाइपवर पुढे आणि मागे टेप लावलेल्या दोन बिंदूंमधलं अंतर धरा.

मडटायरचे ठोकळे तुटक असतात. टेप कुठे टेकवली त्यावर माप बदलतं. चाक जॅकवर उचलून फिरवत खडूचा पट्टा ओढा, त्यात खिळ्याने बारीक रेघ कोरा, आणि चाकाच्या मध्याच्या उंचीवर पुढे-मागे तिथूनच मोजा. मोजण्याआधी गाडी खाली उतरवून थोडी पुढे ढकला, सस्पेन्शन बसू द्या. हवा दोन्हीकडे सारखी हवी, हे वेगळं सांगायला नको.

दुसरी चूक जास्त धोक्याची: जोडांत प्ले (ढिलेपणा) असताना टो बसवणं. बाहेर आलेलं रिम आणि जड टायर टाय रॉडवरचा, म्हणजे पुढची दोन चाकं जोडून वळवणाऱ्या दांड्यावरचा, ताण वाढवतात. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत पुढची चाकं धावताना किंचित बाहेर उघडतात, उभ्या गाडीला थोडा टो-इन देतात तो त्यासाठीच. टाय रॉड एंड ढिले असतील तर हे सगळं माप वाया जातं. आणि कळकळीने सांगतो, जोरात थरथरणारं स्टिअरिंग टो वाढवून शांत करू नका. पॅनहार्ड रॉडचे (धुरा आडवा सरकू न देणाऱ्या दांड्याचे) बुश, बॉल जॉइंट, बॅलन्सिंग तपासा.

लिफ्टनंतर (गाडी उंच केल्यावर) स्टिअरिंग वळणातून आपोआप सरळ येत नसेल, तर बहुधा कास्टर (बाजूने पाहिल्यावर स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे असलेला कल) कमी झालेला असतो. आधी कास्टर, मग कॅम्बर (समोरून दिसणारा चाकाचा आत-बाहेर कल), टो सर्वांत शेवटी. सलग अ‍ॅक्सलच्या बहुतेक गाड्यांत स्टिअरिंग मध्यावर आणायचं ते ड्रॅग लिंकने, म्हणजे स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याने. बसवलेलं माप हलू न देणारे चेक नट आवळायला विसरू नका.

काही शे किलोमीटरनंतर नक्षीवर आडवा तळहात फिरवा. बाहेरून आत गुळगुळीत आणि आतून बाहेर धारदार लागलं तर टो-इन जास्त आहे. उलट लागलं तर टो-आउट, म्हणजे चाकं पुढून बाहेर उघडलेली.