घंटागाडी कोणत्या घरांपर्यंत पोहोचत नाही, हे नकाशावर कसे शोधावे?

नगरपरिषदेच्या आरोग्य विभागाने घंटागाड्यांच्या जीपीएस नोंदी क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडून त्यांवर इमारतींचा थर चढवला, तर कोणती घरे सुटतात हे दिसू लागते. मात्र त्याआधी नकाशाची निर्देशांक पद्धत (ठिकाणाचे स्थान आकड्यांत मांडण्याची पद्धत) अंशांवरून मीटरवर बदलून घेणे अत्यावश्यक आहे. गाडी कोणत्या घरांजवळून गेली हे ओळखण्यासाठी तिच्या मार्गाभोवती ३० मीटरचा पट्टा आखायचा असतो; पण जीपीएसच्या नोंदी अंशांमध्ये असतात, त्यामुळे ३० मीटरऐवजी चुकून ३० अंशांचा पट्टा आखला जातो आणि अवघा देश त्यात सामावतो. पुणे, नाशिक, कोल्हापूर या शहरांसाठी यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीचा ४३ उत्तर हा विभाग (सॉफ्टवेअरमधील त्याचा क्रमांक ईपीएसजी ३२६४३), तर ७८ अंश रेखांशाच्या पूर्वेकडील नागपूर, चंद्रपूरसाठी ४४ उत्तर (ईपीएसजी ३२६४४) निवडावा.

त्यानंतर पट्ट्याबाहेर राहिलेल्या इमारती वेगळ्या काढून त्या ठिकाणी सकाळच्या फेरीच्या वेळी प्रत्यक्ष जावे. गावठाणात बोळाच्या तोंडाशी घंटा वाजते, पण आतल्या आठव्या घरातील आजी बादली घेऊन बाहेर येईपर्यंत गाडी पुढे गेलेली असते आणि तोच कचरा संध्याकाळी नाल्याच्या कडेला पडतो. अशा बोळांना ढकलगाडीच द्यावी. शिवाय गाडी प्रत्येक ठिकाणी किती वेळ थांबली, हेही नोंदींतील वेळेवरून जरूर तपासावे, कारण न थांबता निघून गेलेली गाडी नकाशावर मात्र पोहोचलेलीच दिसते, आणि माझ्या मते खरी त्रुटी बहुतेकदा तिथेच दडलेली असते.