रमी येते? मग माहजाँग अर्धं आलंच
गणपतीच्या जागरणाला पडवीत पत्ते रंगतात, तिथेच माहजाँग, म्हणजे चौघांनी खेळायचा सोंगट्यांचा चिनी खेळ, काढा. समुद्रावरून वारा सुटला तरी सोंगट्या उडत नाहीत, हा फायदा आहेच. नवख्यांपुढे नियमांचं पुराण लावू नका. "तेरा पानी रमीच, पानांऐवजी सोंगट्या," एवढंच म्हणा. हातात 13, एक उचलायची, एक टाकायची; तीन-तीनचे 4 संच (ओळीने किंवा एकसारखे) आणि 1 जोडी जमली की डाव लागला.

144 पैकी फुलं-ऋतूंच्या 8 सोंगट्या पहिल्या दिवशी डब्यातच राहू द्या. गुणांचा हिशेबही नको, त्यातच माणसं उठून जातात. पहिले दोन डाव सोंगट्या उघड्या मांडून खेळा.

खरं अडतं सोंगट्यांवरच्या चिनी आकड्यांवर. एक, दोन, तीन म्हणजे आडव्या रेघा, चारपासून गोंधळ. म्हणून 1 ते 9 ची चिठ्ठी प्रत्येकासमोर ठेवा. पत्त्यांत जसं बदाम, तसा इथे बांबू हा एक रंग; त्या बांबूचा एक्का म्हणजे पक्षी, हेही आधीच सांगा. आमच्या काकूने तो काहीतरी खास मोर समजून अख्खा डाव जपून ठेवला होता!

रमीवाले एका ठिकाणी हमखास चुकतात: ओळीसाठी फक्त आधीच्या खेळाडूने टाकलेली सोंगटी उचलता येते, एकसारख्या तिनांसाठी कुणाचीही. डाव लावणारी शेवटची सोंगटीही कुणाचीही चालते.